दुधाच्या हिशेबाशेजारची तारीख : शाळेचं मासिक बातमीपत्र असं काढा

ठाण्यात बहुतेक मराठी घरांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं. त्याच्या चौकोनांत दुधाच्या पिशव्यांचे आकडे, मावशींचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख असते. शाळेतून आलेल्या तारखेला त्याच चौकोनात जागा मिळाली, तर त्या दिवशी मूल धुतलेल्या बुटांत, डबा घेऊन, वेळेवर हजर असतं. नाही मिळाली, तर आदल्या रात्री साडेनऊला वर्गाच्या ग्रुपवर प्रश्न सुरू होतात : उद्या गणवेश आहे का? डबा द्यायचा का? शाळा किती वाजता सुटणार?

आमच्या शाळेत सहावी ते आठवीचं बातमीपत्र मी सात वर्षं काढते आहे. हे काम सहसा ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतं. माझ्याही तसंच पडलं. यंदा ते तुमच्याकडे आलं असेल, तर मी चुकतमाकत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते.

सहावी ते आठवीच का, तेही सांगते. चौथीपर्यंतच्या मुलांचे आईबाबा नाहीतर आजोबा रोज फाटकाशी येतात, फळा वाचतात, बाईंना गाठतात. नववी-दहावीच्या मुलांना स्वतःच्या परीक्षांची धास्ती असते, त्यामुळे तारखा त्यांना पाठ असतात. मधली मुलं एकटी येतात, टीएमटीने, म्हणजे ठाण्याच्या शहर बसने, किंवा चालत. पालक शाळेत फिरकत नाहीत आणि चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चिक्कीच्या कागदाला चिकटून बसते. निरोपांची खरी गळती इथे होते.

कागद एक, बाजू दोन

पहिल्या वर्षी मी आठ पानं काढली होती. संपादकीय, सुविचार, मुख्याध्यापकांचं मनोगत, कोडी, सगळं होतं. कोणी वाचलं नाही. आता ए-फोर आकाराचा एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. पुढच्या बाजूला येणाऱ्या महिन्यातल्या गोष्टी आणि मागच्या बाजूला झालेल्या गोष्टी. ही वाटणी काही झालं तरी मोडू देऊ नका. बक्षीस मिळवलेल्या मुलाचा फोटो पहिल्या बाजूला घ्या, असा आग्रह दर महिन्याला होतो. घ्यायचा नाही. पहिली बाजू स्वयंपाकघरात लावायची आहे, आणि तिथे आईला परवाच्या बक्षीस समारंभापेक्षा सोमवारी किती पैसे द्यायचे ते हवं असतं.

अंक वर्षाला दहा. जून ते एप्रिल, त्यात दिवाळीच्या सुट्टीमुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा एक. अंक महिना संपायच्या आधीच्या शुक्रवारी, शेवटच्या तासाला वाटायचा. सोमवारी वाटलेला कागद आठवडाभर दप्तरात राहतो. शुक्रवारचा निदान शनिवार-रविवारी बाहेर निघतो.

जूनमधली वही

अंक महिन्याला निघतो, पण त्याचं निम्मं काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आसपास व्हायला हवं. एक जाड वही घ्या, दर महिन्याला चार पानं सोडा आणि वर्षभराच्या तारखा भरायला बसा. मुख्याध्यापकांकडून वार्षिक नियोजन घ्या, लिपिकांकडून सुट्ट्यांची मंजूर यादी आणि क्रीडाशिक्षकांकडून स्पर्धांचा अंदाज. लिपिक हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. शिक्षण विभागाचं पत्र आधी त्यांच्या टेबलावर येतं आणि चहाच्या कपाखाली दोन दिवस पडून राहतं. रोज मधल्या सुट्टीत तिथे एक फेरी मारायची सवय लावून घ्या.

वहीत प्रत्येक तारखेपुढे मी तीनपैकी एक अक्षर लिहिते : ‘प’ म्हणजे पक्कं, ‘ब’ म्हणजे बहुतेक आणि ‘ऐ’ म्हणजे ऐकीव. ‘प’ तेव्हाच लिहायचं, जेव्हा कागद हातात असतो. शिक्षकखोलीत कोणी तरी म्हणालं, शेजारच्या शाळेला पत्र आलंय, हे सगळं ‘ऐ’. छापताना ‘प’ घ्यायचं, ‘ब’ घेतलं तर पुढे ‘तारीख बदलू शकते’ असं स्पष्ट लिहायचं आणि ‘ऐ’ला हातच लावायचा नाही.

सुट्ट्यांच्या बाबतीत ठाणेकरांना एक खास धोका आहे. आपण मुंबईच्या बातम्या बघतो, पण जिल्हा आपला वेगळा. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ५ सप्टेंबरवरून ८ सप्टेंबरला नेली, कारण ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती. ठाणे जिल्ह्यात ती ५ तारखेलाच राहिली. घरात बाबांचं ऑफिस मुंबईत आणि मुलाची शाळा ठाण्यात असेल, तर अशा वेळी जेवणाच्या ताटावर वाद होतात. नवी मुंबईत तर याहून गंमत. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात. खारघरचं मूल वाशीच्या शाळेत येत असेल, तर त्याला सुट्टी शाळेच्या जिल्ह्याप्रमाणे मिळणार, घराच्या नाही. म्हणून जिल्ह्यानुसार बदलणारी सुट्टी छापताना ‘ठाणे जिल्ह्यासाठी’ हे दोन शब्द घालायचेच.

शाळा जास्त सुट्ट्या का देत नाही, असं विचारणारे पालक असतात, आणि इतक्या का देते, असं विचारणारेही. शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे २००९ च्या, सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलेलं आहे. जूनच्या अंकात एका ओळीत हे द्या, वर्षभराचे फोन वाचतात.

परीक्षेआधी कागदपत्रांची तारीख

माझ्या मते या सगळ्या कामात ही गोष्ट सर्वांत मोलाची आहे, म्हणून जरा थांबून लिहिते.

स्पर्धा परीक्षांच्या तारखा सगळेच छापतात. पण मुलाचं नुकसान परीक्षेच्या दिवशी क्वचित होतं, ते अर्ज भरायच्या दिवशी होतं. आठवीच्या एनएमएमएसचं उदाहरण घ्या, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी ती असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली आणि मूल पुढे पात्र राहिलं, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० होतात. रिक्षा चालवणाऱ्या किंवा कॅटरिंगला जाणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसील कार्यालयाकडून येतो, आणि ज्या आठवड्यात सगळ्या शाळांना तो हवा असतो, त्याच आठवड्यात सेवा केंद्राबाहेर रांग लागते. त्यात आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, हे नेमकं तेव्हाच लक्षात येतं.

म्हणून परीक्षा हिवाळ्यात असली, तरी माझ्या जुलैच्या अंकात पहिल्या बाजूला एक चौकट असते : ‘आठवीच्या पालकांनी याच महिन्यात काढून ठेवायचं’. त्यात उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, बँकेचं पासबुक आणि आधारवरचं नाव तपासणं येतं. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०, तेही लिहिते. अपात्र मुलाला उगाच धावाधाव नको.

राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल मात्र गेल्या वर्षीचा मजकूर उचलून टाकू नका. ती आधी चौथी आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे न्यायचं ठरवलं. दर वर्षी त्या वर्षीची अधिसूचना उघडायची, इयत्ता वाचायची आणि मगच लिहायचं. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण, ही माहिती पालक हमखास विचारतात.

बाकीचं पटकन. सहावीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, नोंदणी पहिल्या सत्रात. एलिमेंट्री चित्रकला परीक्षेसाठी रंगपेट्या आणि पॅड आधी सांगा, नाहीतर आदल्या दिवशी गावदेवीच्या स्टेशनरी दुकानांत झुंबड उडते. सहावीपासून इन्स्पायर मानकसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान-कल्पनांच्या योजनेसाठी, मुलांच्या कल्पना मागवा. खेळात १४ वर्षांखालील गट बघताना जन्मतारखेचा दाखला आधीच तयार ठेवायला सांगा. आणि आठवीच्या पालकांना एकदा स्पष्ट लिहा, की २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात. ‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हे वाक्य अजून घराघरात फिरतंय.

दिनविशेषांची मात्र भरताड नको. आमच्या अंकात तेच येतात, ज्या दिवशी मुलाला घरून काही आणायचं किंवा करायचं असतं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, तेव्हा घरचं एक पुस्तक. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, तेव्हा भाषणासाठी नाव द्यायची शेवटची तारीख. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला विज्ञान दिन लागोपाठ येतात. दोन्हींच्या तयारीला मुलं तीच आणि सभागृहही तेच, तेव्हा जूनमध्येच मराठीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांना समोरासमोर बसवून वेळा वाटून घ्या.

एक सूचना, जवळून

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे छापायला आलेली ही सूचना बघा :

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, इयत्ता ७ वीच्या विद्यार्थ्यांची शैक्षणिक क्षेत्रभेट ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र येथे आयोजित करण्यात आलेली असून विद्यार्थ्यांनी वेळेवर उपस्थित राहावे व आवश्यक साहित्य सोबत आणावे. शुल्क वर्गशिक्षकांकडे जमा करावे.’

मराठी शुद्ध आहे. पण ‘वेळेवर’ म्हणजे किती वाजता? ‘आवश्यक साहित्य’ म्हणजे काय? मूल परत कधी येणार? या एका परिच्छेदावर निदान तीस फोन आले असते. मी ती अशी छापली :

‘सातवी अ आणि ब : ऐरोलीला खाडी आणि फ्लेमिंगो बघायला. गुरुवारी. शाळेत सकाळी ७.३० ला हजर, बस ७.४५ ला सुटेल. दुपारी २ पर्यंत शाळेत परत, न्यायला कोण येणार ते वहीत लिहून द्या. पी.टी.चा गणवेश, टोपी, पाण्याची बाटली, कोरडा डबा. मोबाइल नको. संमतीपत्र आणि बसचे पैसे सोमवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर असते, बदलली तर बुधवारी संध्याकाळी ६ पर्यंत ग्रुपवर कळवू.’

वारापुढे तारीख आणि पैशांपुढे आकडा होता, ते इथे गाळले आहेत. क्रम लक्षात घ्या : कोणाची मुलं, काय, कधी, कुठे हजर व्हायचं, परत कधी, अंगावर काय, पिशवीत काय, पैसे किती आणि कधीपर्यंत, बदल झाला तर कुठे कळेल. कोणाची मुलं हे सगळ्यात आधी, म्हणजे सहावीची आई पुढचं वाचायचं सोडून देऊ शकते. परत येण्याची वेळ बहुतेक जण विसरतात, आणि नोकरी करणाऱ्या आईला तीच सगळ्यात जास्त लागते.

थोडा अवांतर मजकूरही चालतो, जर तो मुलाच्या डोक्यात राहणार असेल. वरच्या सूचनेखाली मी एकच ओळ टाकली होती : ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०२२ मध्ये रामसर यादीत गेला, म्हणजे जगभर जपण्याजोग्या पाणथळ जागांमध्ये आपली खाडी आहे. आमच्यातल्या अर्ध्या मुलांना खाडी म्हणजे कळव्याच्या पुलावरून येणारा वास एवढंच माहीत होतं.

सहलीचा खर्च छापताना बस कोणती ते लिहा. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देतं, हे पालकांना माहीत असतं, आणि खासगी बस घेतली असेल तर का, हे ते विचारतात. विचारायच्या आत सांगितलेलं बरं.

वाराशिवाय तारीख कधी छापू नका, आणि वार कालनिर्णयवर बोट ठेवूनच लिहा. गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये नुसती तारीख बदलली, की वार जुनाच राहतो. मग निम्मी शाळा वार बघते आणि निम्मी तारीख.

मागची बाजू मुलांची

पहिली बाजू तुम्ही लिहा, मागची मुलांना द्या. प्रत्येक तुकडीतून दोन वार्ताहर. सुंदर अक्षर आणि पहिला नंबर बघून निवडू नका. मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गांच्या खिडक्यांतून डोकावणारं एक पात्र प्रत्येक वर्गात असतं, ते घ्या. दर शनिवारी वीस मिनिटं बसायचं आणि प्रत्येकाने या आठवड्यात स्वतः बघितलेली एक गोष्ट सांगायची.

सुरुवातीला सगळी मुलं एकच बातमी लिहितात : ‘शाळेत विज्ञान प्रदर्शन मोठ्या उत्साहात पार पडले. मान्यवरांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले.’ ही भाषा ती आपल्याकडूनच उचलतात. मी ‘उत्साहात’, ‘मान्यवर’ आणि ‘मोलाचे’ या तीन शब्दांवर बंदी घातली आहे. आठवीच्या एका मुलीला विचारलं, तू स्वतः काय बघितलंस? ती म्हणाली, ज्वालामुखीत सोडा जास्त पडला, लाल पाणी परीक्षकांच्या शर्टावर उडालं, ते हसले आणि म्हणाले, आता याचं कारण सांग, मग शर्ट माफ. हे लिही, म्हटलं. पुढचा महिनाभर ती मुलगी शाळेत प्रसिद्ध होती, आणि ते परीक्षकही.

शुद्धलेखन तपासा, पण वाक्य मुलाचंच राहू द्या. आमच्याकडे बाळकुम, कोलशेतची आगरी-कोळी घरांतली मुलं आहेत. त्यांच्या आजीने सांगितलेली मासेमारीची गोष्ट बातमीत आली, तेव्हा आजीची वाक्यं आम्ही तशीच अवतरणात ठेवली. त्या अंकाच्या जादा प्रती काढाव्या लागल्या.

नावांचा हिशेब ठेवा. आमच्याकडे तीन इयत्तांच्या सहा तुकड्या, साधारण २४० मुलं. दहा अंकांत प्रत्येकाचं नाव निदान एकदा यायचं तर अंकाला चोवीस नवी नावं बसतात. हजेरीपटाची एक प्रत घ्या आणि नाव छापलं, की खूण करा. जानेवारीत ज्यांच्यापुढे खूण नसते, त्यांच्याकडे मुद्दाम बघितलं, की काही तरी सापडतंच. कोणी रोज फळा पुसतं, कोणी वर्गातल्या मनीप्लांटला पाणी घालतं. नावाचं लेखन मुलाला विचारून नव्हे, हजेरीपटावरून करा. घाईत मुलंही स्वतःचं आडनाव चुकवतात.

कधीच न छापायच्या गोष्टी : गुणांच्या याद्या, फी थकलेल्यांचा उल्लेख, कोणाला काय शिक्षा झाली ते, घरातला मृत्यू किंवा आजार. फोटोसाठी जूनमध्येच पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता, तरी मी फोटोखाली पूर्ण नाव, तुकडी आणि बसथांबा असं एकत्र कधी छापलं नसतं. पीडीएफ कुठून कुठे जाईल, काही सांगता येत नाही.

फॉन्ट, आकार, पाठवणं

श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फोनवर चिकटवला, की अक्षरांचा चिवडा होतो. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत करा. मुक्ता, बालू, नोटो हे फॉन्ट मोफत मिळतात आणि छपाईत बरे दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडा, नाहीतर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. शासनाच्या वर्णमालेत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सांगितला आहे. मुलं पाठ्यपुस्तकात तेच बघतात, तर बातमीपत्रात वेगळे कशाला? अक्षर तेराच्या खाली नेऊ नका, आजी-आजोबा चष्मा शोधायला जात नाहीत. मावत नसेल तर मजकूर कापा.

ग्रुपवर पीडीएफ टाकाच, पण तेवढ्यावर भागत नाही. पहिल्या बाजूचा नुसता फोटोही टाका, कारण बऱ्याच जणांच्या फोनमध्ये जागा नसते आणि पीडीएफ उघडतच नाही. ग्रुपवर संदेश फक्त अ‍ॅडमिनला पाठवता येतील असं ठेवा, म्हणजे ‘ओके मॅडम’ आणि हात जोडल्याच्या चिन्हांखाली सूचना गाडली जात नाही. आमच्याकडे काही घरांत मराठी वाचता येत नाही, काहींत वाचताच येत नाही. त्यांच्यासाठी सातवीची मुलं पहिली बाजू दोन मिनिटांत वाचून ध्वनिमुद्रित करतात. एका दमात वाचता न येणारं वाक्य मुद्रणाच्या वेळी लगेच पकडलं जातं, हा त्यातला जादा फायदा.

तपासणी, आणि माझी चूक

छापण्याआधी तीनदा वाचा. एकदा कालनिर्णय समोर ठेवून नुसत्या तारखा. एकदा हजेरीपट समोर ठेवून नुसती नावं. तिसरं वाचन शिक्षकांपैकी कोणी करायचं नाही. आमच्याकडे ते शाळेतल्या मावशी करतात. टेबलाशी उभ्या राहून, ओठ हलवत त्या पहिली बाजू वाचतात आणि विचारतात, ‘‘बाई, डबा द्यायचा का नाय ते कुठं लिहिलंय?’’ त्यांनी विचारलेला प्रश्न म्हणजे सूचनेतलं भोक. गेल्या डिसेंबरच्या अंकात त्यांनी अशी चार शोधली.

ही पद्धत सुरू होण्याआधीची गोष्ट. स्नेहसंमेलन दर वर्षी मासुंदा तलावाजवळ गडकरी रंगायतनला असायचं. त्या वर्षी तारीख जुळली नाही म्हणून कार्यक्रम घाणेकर नाट्यगृहात ठरला. मी मागच्या वर्षीची फाइल उघडली, तारीख बदलली, वार बदलला, वेळ बदलली आणि ठिकाण तसंच राहिलं. ग्रुपवर बरोबर पत्ता गेला होता, पण आजी-आजोबांनी कागद बघितला. दहा-बारा घरची मंडळी नटूनथटून तळ्याच्या काठावर उभी, आणि नातवंडं तिकडे मानपाड्याच्या बाजूला विंगेत तयार. संध्याकाळच्या वाहतुकीत तीन हात नाका, कापूरबावडी ओलांडून ती पोचेपर्यंत सहावीचा कोळीनाच संपला होता. एका आजोबांनी मला फक्त तो कागद दाखवला, बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून जुनी फाइल उघडायची नाही, दर महिन्याला कोरं पान, असा माझा नियम आहे. वेळ जास्त जातो.

बदल झाला तर

तारीख बदलणारच, हे धरून चाला. बदलाच्या संदेशाला क्रमांक द्या : ‘ऑगस्ट अंक, बदल १’. जुनी तारीख आणि नवी तारीख दोन्ही लिहा, म्हणजे कालनिर्णयवर काय खोडायचं ते कळतं. कारण एका ओळीत. शाळेच्या फाटकावर त्याच अंकाची प्रत लावलेली असेल, तर तिच्यावर लाल पेनने दुरुस्ती करा, नवा कागद शेजारी चिकटवू नका. दोन कागद दिसले, की लोक सोयीचा वाचतात.

पावसाळ्यातल्या चारही अंकांत एक ठरलेली चौकट ठेवा. मुसळधार पावसाची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, कारण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख ते असतात. महापालिकाही आपल्या हद्दीपुरतं कळवते. हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे आपोआप सुट्टी नव्हे, हे ठळक लिहा. मुंबईची सुट्टी म्हणजे ठाण्याची नव्हे, हेही. आणि मागच्या वर्षीचं सुट्टीचं पत्र दर जुलैला नव्याने फिरतं, तेव्हा पत्रावरची तारीख वाचायला सांगा. आमच्या चौकटीत शेवटचं वाक्य असं असतं : ‘सकाळी ६ पर्यंत शाळेच्या ग्रुपवर संदेश नसेल तर शाळा आहे, पण घोडबंदर रोडवर पाणी असेल तर मुलाला पाठवू नका, गैरहजेरी लावणार नाही.’ ही सवलत मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्या. ती नसेल तर पालक जोखीम घेतात.

पहिला अंक

सगळं एकदम जमवायला जाऊ नका. जूनच्या पहिल्या अंकात मागची बाजू कोरी गेली तरी चालेल. पुढच्या बाजूला शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा, गणवेशाचे वार, पावसाची चौकट, फोटोच्या संमतीची कापून द्यायची पावती आणि पहिल्या पालकसभेची तारीख. सभेला पालक आले, की विचारा, कागद घरी कुठे लावलाय? हात वर करणारे पाच-सहाच निघतील. त्यांना तिथेच विचारा, काय कळलं नाही, आणि उत्तरं जुलैच्या पानावर लिहून घ्या. एका आईने मला गेल्या वर्षी सांगितलं होतं, तारखा उजवीकडच्या कडेला एकाखाली एक छापा, म्हणजे मला तेवढीच पट्टी कात्रीने कापून कालनिर्णयला पिनने लावता येईल. आता आम्ही ती पट्टी तुटक रेषेनेच छापतो.